बाराव्या जोडीचा कर

१

अकरा जोड्या बूट सापडत नव्हते. ते ज्या मुलीसाठी घेतले होते, ती पहिली जोडी घरात येण्याच्या दहा महिने आधीच तळ्यात बुडाली होती.

हे मला सांगणारा माणूस राज्याच्या कर खात्यातल्या माझ्या टेबलासमोर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. रॉआल्ड त्वेइतेन, स्टेनवीक गावचा, धान्याच्या कोठारांचा व्यवस्थापक. साल १९९२, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला होता. डब्यात कार्बनच्या निळ्या प्रती होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या.

"आई ऑक्टोबरात गेली," तो म्हणाला. "हे तिच्या पियानोच्या बाकात सापडलं. मला यातलं काही कळत नाही, मॅडम. तुम्हीच सांगा."

मी प्रती पाहिल्या. त्या वापर-कराच्या फॉर्मच्या होत्या. आमच्या राज्यात दुकानातून काही घेतलं तर दुकानदारच कर कापतो. बाहेरच्या राज्यातल्या कंपनीकडून कॅटलॉग पाहून मागवलं तर तो कापत नाही. मग घेणाऱ्याने स्वतः यादी करून तो आमच्याकडे भरायचा. असा कायदा आहे. तो कोणी पाळत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्याच राज्याचा खटला थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि बाहेरच्या विक्रेत्यांना कर गोळा करायला लावता येणार नाही असा निकाल लागला. त्यामुळे सगळं पुन्हा लोकांच्या प्रामाणिकपणावर आलं. सहा लाखांच्या राज्यात दरवर्षी असे फॉर्म येत दीडशेच्या आसपास.

रॅग्ना त्वेइतेन त्यांतली एक होती. बियांची पाकिटं, लोकर, ऑर्गनच्या स्वरलिपीची पुस्तकं. आणि दर डिसेंबरला एक ओळ: मुलीचे हिवाळी बूट, एक जोडी. पुढे नंबर. दरवर्षी वाढत जाणारा.

"मुलगी माझी," रॉआल्ड म्हणाला. "पाच वर्षांची होती. बायको तिला घेऊन गोठलेल्या तळ्यावरून गाडीने जात होती, बर्फ फुटला. फेब्रुवारी एक्याऐंशी. गाडी मिळाली. त्या दोघी नाही मिळाल्या." त्याचे डोळे भरले. तो खिडकीकडे पाहत राहिला. "आईने मेलेल्या पोरीसाठी बूट घ्यावेत, त्याला माझी हरकत नाही. पण घरात एकही जोडी नाही. कोणीतरी म्हातारीला लुबाडलंय. पार्सलं यायची ती पुढे कुठे जायची, एवढंच मला हवंय."

चोरीचा तपास हे आमचं काम नाही, असं मी त्याला सांगायला हवं होतं. पण मी या खात्यात येण्याआधी सहा वर्षं माशांच्या खवल्यांवरची वलयं मोजली आहेत. मासा कुठल्या वर्षी किती वाढला हे खवल्यावर लिहिलेलं असतं. तो गेल्यावर मी अकरा नंबर सेंटिमीटरमध्ये उतरवले आणि आलेखाच्या कागदावर अकरा ठिपके दिले.

ठिपके सरळ रेषेत नव्हते. एका वर्षी पाऊल जेमतेम वाढलं होतं, पुढच्या वर्षी एकदम जास्त. शेवटची तीन वर्षं अजिबात नाही.

मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. मेलेला मासा वाढत नाही.

२

स्टेनवीक आमच्या कचेरीपासून अडीच तासांवर आहे. मी पोहोचले तेव्हा तळं नुकतं गोठलेलं होतं. नवा बर्फ आवळतो तेव्हा त्यातून आवाज येतो. खालून कोणीतरी जड दार लोटत असल्यासारखा. मी याच राज्यात जन्मले, पण त्या आवाजाची मला सवय झालेली नाही.

रॅग्नाचं घर तळ्याकाठी होतं. दोन मजली, उंच, अरुंद. शेजारीच रॉआल्डचं घर, एकमजली, ठेंगणं. त्याने आईच्या घराचं दार उघडलं आणि मला पुढे जाऊ दिलं.

मी पोटमाळा, तळघर, सगळी कपाटं पाहिली. लोकर होती. बियांची पाकिटं होती, वर्षं लिहिलेली. यादीतली प्रत्येक वस्तू घरात सापडत होती, बूट सोडून.

"गावात लोक काय बोलतात, ते सांगू?" पुढच्या दाराशी उभा राहून रॉआल्ड म्हणाला. तो हसत होता. "दर डिसेंबरला, पहिला मोठा बर्फ पडला की, या ओसरीवर सकाळी दोन पावलं दिसायची. लहान पोराची. इथे." त्याने उंबऱ्यापासून हातभर अंतरावर बोट दाखवलं. "शेजारपाजारचे बघून गेलेत. मी स्वतः कधी पाहिली नाहीत. मला सांगायलाही कोणी यायचं नाही."

"फक्त दोन?"

"दोन. शेजारी शेजारी, दाराकडे तोंड करून. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. पोरगी तळ्यातून उठून आजीला भेटायला येते म्हणे. तुमचा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

"पायरी चढल्याशिवाय कोणी ओसरीवर येत नाही," मी म्हणाले.

"तेच. मग पार्सलं कुठे जायची?"

त्याने हे दुसऱ्यांदा विचारलं होतं. गाडीत बसताना माझ्या लक्षात आलं की दोन भेटींत त्याने मुलीचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

३

पोस्टात एकच खिडकी होती आणि खिडकीमागे ॲडेलाइन वांगलर होती. साठीची, रुंद खांद्यांची. चष्म्याला दोरी लावलेली. मी ओळख सांगताच तिने खिडकीवर "दहा मिनिटांत येते" अशी पाटी टेकवली आणि आतून कॉफी आणली.

"कराच्या कचेरीतून? माझ्याकडे कॅटलॉगमधून आलेला ड्रेस आहे, तो घालूनच उभी आहे तुझ्यापुढे. पकडतेस का?"

"नाही."

"मग पी. गार होईल."

मी रॅग्नाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तिच्यासारखी बाई पुन्हा होणार नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. एक सूर चुकला तर दुसऱ्या दिवशी पाद्र्याकडे जाऊन माफी मागायची. पाद्री म्हणायचा, अहो बाई, मला कळलंच नाही. ती म्हणायची, पण मला कळलं ना!"

"बूट यायचे?"

"यायचे की. पार्सल यायचं, मी द्यायची. खोका घरी गेल्यावर त्याचं काय होतं, ते पोस्टाचं काम नाही."

"ती पुढे कोणाला पाठवायची का?"

ॲडेलाइनने कप खाली ठेवला. "कोणी विचारायला लावलं तुला?"

"तिच्या मुलाने."

"हं." तिने ओठ पुसले. "नाताळात सगळं गाव सगळ्या जगाला पार्सलं पाठवतं, पोरी. मी काय वही ठेवते? गोंद लावते, शिक्का मारते." मग उगाच, विषय बदलल्यासारखी ती म्हणाली, "त्याची बायको, लेनोर, माझ्याबरोबर चर्चमध्ये गायची. दोनदा हात मोडला बिचारीचा. दोन्ही वेळा जिन्यावरून पडली म्हणाली. नाजूक होती."

मी ते वहीत लिहून घेतलं. त्यातला अर्थ मला तेव्हा दिसला नाही.

निघताना ती म्हणाली, "रॅग्नाने तुमच्या कचेरीला एकदा पत्र लिहून काहीतरी विचारलं होतं. पहिल्याच वर्षी. उत्तर आलं तेव्हा इथेच उभी राहून वाचलं तिने. काय विचारलं होतं, ते तूच शोध."

४

गावात विचारल्यावर गुडमुंडचं नाव कळलं. तो तळ्यावर, बर्फात भोक पाडून मासे धरायला बसतात ती आपली लाकडी खोपी ओढत होता. बर्फ अजून माणूस पेलेल इतकाच होता. मी काठावरूनच हाक मारली. तो सावकाश आला. सत्तरीचा, भुवयांवर हिम साचलेला.

"गाडी तुम्ही बाहेर काढली होती ना? एक्याऐंशीत?"

"मी, माझा ट्रॅक्टर, आणि शेरीफची शिवीगाळ. तिघांनी."

"आत काय होतं?"

"पाणी," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज मऊ झाला. "बायकोची पर्स. एक हातमोजा. आणि मागच्या सीटवर पोरीचे बूट. लाल. लेस सुटलेली."

"बूट पायात नव्हते?"

"पाय असते तर पोरगी असती ना, बाई."

बर्फातून तो आवाज पुन्हा आला. गुडमुंडने मान कलती करून ऐकला, शेजाऱ्याचं बोलणं ऐकावं तसा.

"लोक काय म्हणतात ठाऊक आहे? अनवाणी गेली म्हणून पोर शांत होत नाही. म्हणून आजी दरवर्षी बूट देते."

"देते म्हणजे? कुठे?"

त्याने तळ्याकडे हनुवटी उडवली. "कुठे म्हणजे काय! तुम्ही शिकलेल्या बायका फार प्रश्न विचारता."

"तुम्ही पाहिलंत तिला बूट तळ्यात सोडताना?"

त्याने भुवयांवरचं हिम पुसलं. "रॉआल्डने विचारलं तर पाहिलंय," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत तर विचार करावा लागेल."

५

कचेरीत परतल्यावर मी दोन गोष्टी काढल्या.

लोकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांची एक नोंदवही असते. तिच्यात नावं नसतात, फक्त गाव आणि तारीख. डिसेंबर १९८१, स्टेनवीक. प्रश्न: बाहेरून मागवलेली वस्तू इथे आली आणि न वापरता तशीच राज्याबाहेर पाठवली, तर कर लागतो का? उत्तर: नाही. राज्यात वापर झाला तरच लागतो.

म्हणजे पहिल्याच वर्षी रॅग्नाला लेखी कळलं होतं की बूट पुढे पाठवले तर कर नाही. तरी तिने अकरा वर्षं भरला. जी बाई चुकलेल्या सुराची माफी मागते, ती राज्याला देणं नसलेला पैसाही देणार नाही. तिने कर भरला, म्हणजे तिच्या मते बुटांचा इथे वापर झाला होता.

कोणी वापरले? मला ओसरीवरची पावलं आठवली. दोन. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, दाराकडे तोंड करून. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. दारात गुडघे टेकून, एका हातात एक बूट घालून पुढे वाकलं आणि दाबलं, तर पावलं तिथेच आणि तशीच उमटतील. रॅग्नाने नवे बूट बर्फात एकदा टेकवले होते. दरवर्षी एकदा.

पण एवढ्याने मुलगी जिवंत ठरत नव्हती. दुःखाने माणूस असं मेलेल्यासाठीही करील. आलेखाचंही तेच. पाऊल कधी थांबतं, कधी वाढतं हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं.

मग मी रॅग्नाची फाइल काढली. आमच्याकडे फक्त सहा वर्षांचे कागद राहतात, जुने दर डिसेंबरच्या शेवटी कापायला जातात. सर्वांत जुना १९८६चा फॉर्म होता आणि त्याला एक पत्र टाचलेलं होतं. या पत्राची प्रत रॉआल्डच्या डब्यात नव्हती. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईचं टपोरं अक्षर.

"महाशय, ४ डिसेंबरला आलेली जोडी बोटांना घट्ट होत असल्याने मी ती २७ तारखेला कंपनीला परत केली आणि एक नंबर मोठी घेतली. तरी पहिल्या जोडीवरचा कर वजा व्हावा."

मी ते तीनदा वाचलं.

तळ्यात सोडलेले बूट परत येत नाहीत. आठवणीतल्या पायाला बूट घट्ट होत नाहीत. तो पाय कुठेतरी खराखुरा होता, चार तारखेच्या आणि सत्तावीस तारखेच्या मध्ये पार्सल जाऊन परत येईल इतक्या लांब, आणि त्या पायाच्या मालकिणीने बूट घालून पाहून म्हटलं होतं, आजी, बोटं दुखतात.

मुलगी जिवंत होती. आता सोळा वर्षांची.

माझा पहिला विचार असा होता की बापाला ताबडतोब फोन करावा. मी रिसीव्हर उचलला. समोर माझी वही उघडी होती, ॲडेलाइनचं बोलणं उतरवलेलं पान. दोन्ही वेळा जिन्यावरून पडली म्हणाली.

रॉआल्डचं घर एकमजली होतं. त्याला जिना नव्हता.

मी रिसीव्हर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, त्याचा अर्ज रजिस्टर्ड टपालाने आला. मृत व्यक्तीचा वारस म्हणून त्याला फाइलमधल्या प्रत्येक कागदाची प्रत हवी होती. कायद्याने मला तीस दिवस होते.

६

ॲडेलाइनने या वेळी पाटी लावली नाही, दाराला कडी घातली.

"तिने बूट का परत केले, ते मला कळलं," मी म्हणाले.

ती खुर्चीत बसली. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "मी तिला शंभरदा सांगितलं, रॅग्ना, कर नको भरूस. कोण भरतं? ती म्हणायची, वापरलेत ना मी. मी म्हटलं, बर्फात टेकवायचेच कशाला? तशीच पाठव की जोडी. तर म्हणाली..." तिने चष्मा काढला. "म्हणाली, ॲडेलाइन, तिचं पाऊल माझ्या दारात एवढं एकच उमटतं वर्षातून."

मी वही मिटली.

"लेनोरने पहाटे उचलून नेलं पोरीला. पांघरुणात गुंडाळून. गाडी रिकामीच तळ्यात सोडली. आत बूट ठेवले ते मुद्दाम, बूट पाहिले की माणसाची खात्री पटते. त्याच्या सख्ख्या आईने योजना केली, समजलं तुला? स्वतःच्या मुलाविरुद्ध. नंतर तो रोज तिच्या टेबलावर जेवायचा आणि ती त्याला वाढायची. अकरा वर्षं."

"कंपनीने पार्सल थेट मुलीकडे का नाही पाठवलं?"

"कंपन्या याद्या विकतात. एकदा नाव-पत्ता कॅटलॉगवाल्यांकडे गेला की चार राज्यांत फिरतो. त्या पोरीचं नाव कुठल्याही यादीवर येता कामा नये, असं ठरलं होतं." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "आणि स्वतः मात्र दरवर्षी सरकारला यादी लिहून द्यायची! खोटं बोलायचं तर तळ्याएवढं बोलली. पण पाच टक्के चुकवणं तिच्याच्याने झालं नाही."

"त्या दोघी कुठे आहेत?"

"मला ठाऊक नाही. मी एका बाईला पाठवते, ती दुसरीला. तूही विचारू नकोस."

"विचारत नाही. त्याने सगळे कागद मागितलेत."

तिचा चेहरा पडला. खिडकीबाहेर एक गाडी सावकाश गेली. आम्ही दोघींनी ती जाईपर्यंत श्वास धरला. मग ती आतल्या खोलीत गेली आणि एक खोका घेऊन आली. माझ्यापुढे ठेवला.

"सप्टेंबरात मागवले होते. माल शिल्लक नव्हता, काल आले. आजारी होती म्हणून माझ्या नावावर मागव म्हणाली." तिने झाकण उघडलं. तपकिरी, आत लोकर. "बारावी जोडी. आता ओसरीवर कोण टेकवणार? तशीच पाठवते. कर नाही ना लागत?"

"नाही," मी म्हणाले. "तशी पाठवली तर नाही."

आम्ही दोघीही त्या बुटांकडे पाहत राहिलो.

"तिच्या घराची किल्ली आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

७

मी रॉआल्डला ३१ डिसेंबरला सकाळी नऊ वाजता त्याच्या आईच्या घरी बोलावलं. आदल्या संध्याकाळपासून मी गावात होते. रात्री अपेक्षेप्रमाणे बर्फ पडला. उजाडल्यावर मी मागच्या दाराने आत गेले आणि मागच्याच दाराने बाहेर आले. नऊला रस्त्यावरून चालत पुढच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा तो येतच होता. त्याच्याही आणि माझ्याही मागे आमच्या पायांच्या खुणा होत्या. फाटकापासून ओसरीपर्यंत कोरा बर्फ.

"महिना लावलात," तो म्हणाला. आवाज अजूनही मऊ होता. "आईलाही अशीच सवय होती. विचारलं की उशिरा बोलायची. मग मला पुन्हा विचारावं लागायचं."

मी लिफाफा दिला. "फाइलमध्ये जे आहे त्याच्या प्रती. पाच वर्षांच्या. त्याआधीचे कागद काल नियमाप्रमाणे कापले गेले."

इथे मी नोंद करते की मागणी आलेला कागद कापायचा नसतो, हाही नियम आहे. तो मी मोडला. आयुष्यात मोडलेला पहिला.

"आणि बूट?"

"तुमच्या आईने ते घेतले, नंबर वाढवत नेले, आणि तळ्याला दिले. गुडमुंडने पाहिलंय. मुलगी अनवाणी गेली हे त्यांना सहन झालं नाही. चोरी झालेली नाही, मिस्टर त्वेइतेन. कोणी लुबाडलेलं नाही."

"नंबर कधी थांबतात, कधी उड्या मारतात," तो म्हणाला. म्हणजे त्यानेही मोजले होते. "खऱ्या पोरीसारखे."

"त्यांनी एक मूल वाढवलं होतं. तुमचे बूट त्याच घेत असत ना?"

त्याला पटलं की नाही, ते मला सांगता आलं नसतं. मग त्याने किल्ल्या काढल्या, फाटक ढकललं, बर्फ तुडवत पायऱ्या चढला आणि थांबला.

मी खालीच उभी होते. मला तिथून दिसत नव्हतं, पण काय आहे ते मला माहीत होतं. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर दोन पावलं, शेजारी शेजारी. दाराकडे तोंड करून.

तो ठशांभोवतीच्या कोऱ्या ओसरीकडे, मग मागे पायऱ्यांकडे पाहू लागला. पायऱ्यांवर फक्त त्याचीच पावलं होती. तो हळूच वाकला. हातमोजा काढून एका ठशावर पंजा धरला. ठसा पंज्याहून मोठा होता.

"हे तिचे नाहीत," तो म्हणाला. "ती एवढीशी होती."

"अकरा वर्षं झाली, मिस्टर त्वेइतेन."

मागे तळ्यातून आवाज आला. लांबून सुरू झाला आणि आमच्या पायांखालून निघून गेला. रॉआल्ड सरळ उभा राहिला. हातमोजा खाली पडला होता, तो त्याने उचलला नाही. त्याचे ओठ हलले, आणि पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडून ते नाव ऐकलं.

"मारित?"

त्याने ते दाराला विचारलं होतं. दाराने उत्तर दिलं नाही. तो उलट्या पावलांनी पायऱ्या उतरला, त्या दोन ठशांवरून नजर न काढता. माझ्या शेजारून गेला तेव्हा त्याला मी दिसले नाही.

वसंतात त्याने दोन्ही घरं विकायला काढली आणि दक्षिणेकडे, जिथे पाणी गोठत नाही अशा ठिकाणी निघून गेला. फाइलबद्दल त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

बूट त्याच सकाळी टपालाने गेले होते. ॲडेलाइनने बुटांचे तळ रुमालाने पुसले, खोका बांधला, शिक्का मारला. ती पत्ता लिहीत असताना मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

८

एप्रिलमध्ये मी माझा स्वतःचा फॉर्म भरत होते. शेजारच्या टेबलावरची ऑलिव्ह खांद्यावरून डोकावली.

"वापर-कर? अगं, आपल्या खात्यातलंसुद्धा कोणी भरत नाही. त्या ऑर्गनवाल्या म्हातारीनंतर राज्यात तू एकटीच उरलीस की काय?"

"असेन."

"आणि मुलीचे बूट? तुला कधीपासून मुलगी झाली?"

"भेट द्यायला घेतले."

"मग राज्याबाहेर दिलेस तर माफ आहे. उगीच भरू नकोस."

तिचं बरोबर होतं. बुटांचे पैसे मी ॲडेलाइनच्या हातात ठेवले होते, तिने आढेवेढे घेत घेतले होते. जोडी आता माझी होती आणि तिच्यावरचा कर मी देणं लागत होते किंवा नव्हते. फॉर्मवर एक चौकट असते: वस्तूचा राज्यात वापर झाला का? किती वेळ, कोणी, कशासाठी, हे तिथे विचारत नाहीत.

मला गुडघ्यांना लागलेला उंबऱ्याचा गारठा आठवला. हात बुटांत घातले होते तेव्हा आत लोकर होती, मऊ, अजून कोणाच्याच पायाची नसलेली. मी दाबले. थोडं थांबले. उचलले. आणि दारात तशीच बसून त्या दोन पावलांकडे पाहत राहिले, जशी ती दरवर्षी पाहत असणार. मला त्या मुलीचा चेहराही माहीत नाही. तरी कोणीतरी आत्ताच येऊन उभं राहिलंय, आणि मी आत ये म्हणायला हवं, असं वाटलं होतं.

मी चौकटीत "होय" लिहिलं.